जुन्या फौजी ट्रकाच्या जागी नवा: पीथमपूरच्या ट्रॅकवरून

नव्या ट्रकाचे काम जुना ट्रक मोजण्यापासून सुरू करावे. लष्कराच्या मागणीपत्रात, ज्याला या धंद्यात सगळे नुसते क्यूआर म्हणतात, भार, चढ, पाण्याची खोली, तापमान, समुद्रसपाटीपासूनची उंची असे आकडे असतात. पण फाळका पाडल्यावर हौद्याची कड जमिनीपासून किती उंच येते? दारूगोळ्याची पेटी दोघांना छातीच्या वर न उचलता आत सरकवता येते का? ताडपत्रीच्या कमानी हातमोजे घालून निघतात का? मागच्या टोइंग हुकाची उंची जुन्या ट्रेलरच्या कडीशी जुळते का? शत्रूला दिसू नयेत अशा मंद ब्लॅकआउट दिव्यांचा स्विच अंधारात चाचपडून सापडतो का? अशा गोष्टींना कागदावर एखादी ओळ मिळते, कधी तीही नाही. ट्रेलर, पाण्याचे बाउझर, जनरेटर, रेडिओचे शेल्टर हे सगळे जुनेच राहणार असते आणि नव्या ट्रकाला त्यांच्याशी जमवून घ्यावे लागते. म्हणून आम्ही टेप, वजनकाटा आणि कॅमेरा घेऊन आधी जुन्या ट्रकाभोवती फिरतो, त्याच्यावर काम केलेल्या ड्रायव्हर-मेकॅनिकांना बोलते करतो, आणि मगच संगणकावर पहिली रेघ ओढतो.

फौजेचा ट्रक एकदा आला की फार वर्षे राहतो. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावरचा शक्तिमान जबलपूरला 1959 पासून बनू लागला आणि पुढची तीन दशके तोच फौजेच्या सामानाचा कणा होता. त्याच्या मागून अडीच टनी टाटा एलपीटीए आणि अशोक लेलँडचा स्टॅलियन आले. इंदूर-महू रस्त्यावर ज्यांचे घर आहे त्यांना यातला कोणता ट्रक चालला आहे हे खिडकीबाहेर न बघता सांगता येते. अमेरिकेतही तसेच. तिथल्या एम35 या अडीच टनी ट्रकाची रचना 1950 च्या सुमाराची, आणि त्याच्या जागी एफएमटीव्ही कुटुंबातले ट्रक आणण्याचा करार झाला 1991 मध्ये. मग त्यांच्या अवजड ट्रकांचीही पाळी आली. कॉमन टॅक्टिकल ट्रक या कार्यक्रमात जानेवारी 2023 मध्ये चार कंपन्यांना नमुने बनवायला सांगितले, आणि भर होता तो व्यापारी ट्रकांतले तयार भाग वापरण्यावर. कल्पना चांगली आहे. सुटे भाग स्वस्त आणि हाताशी राहतात. अडचण येते ती व्यापारी भाग अशा कामाला जुंपला जातो तेव्हा, जे त्याने कधी केलेलेच नसते. या लेखातला बराचसा मजकूर त्याच जागांविषयी आहे.

आधी कॅलेंडर. कागदोपत्री क्रम ठरलेला आहे: माहिती मागवणारे पत्र, गरजेला मंजुरी, निविदा, तांत्रिक छाननी, मैदानी चाचण्या, आणि शेवटी किमतीची बोलणी. चाचण्या 'नो कॉस्ट नो कमिटमेंट' तत्त्वावर होतात. ट्रक, सुटे भाग, माणसे, ने-आण सगळे कंपनीच्या खर्चाने, आणि ऑर्डर मिळेलच असे नाही. वाळूतली चाचणी मे-जूनच्या उन्हात होते आणि बर्फातली डिसेंबर ते फेब्रुवारीत. जून हुकला की पुढची वाळू वर्षभराने. म्हणून उलटा हिशेब मांडायचा. एप्रिलअखेर ट्रक रवाना, मार्चमध्ये दुरुस्त्या, जानेवारी-फेब्रुवारीत इंदूरजवळच्या पीथमपूरला चाचणी ट्रॅकवर रस्त्याचा मार, म्हणजे दिवाळीला ट्रक स्वतःच्या चाकांवर उभा हवा. या हिशेबात सगळ्यात हट्टी वस्तू म्हणजे अॅक्सलचे, म्हणजे चाकांच्या आसाचे, कास्टिंग आणि त्याच्या आतून चाक फिरवणारे फोर्जिंगचे हाफ शाफ्ट. नमुना बदलला की दोन-तीन महिने गेलेच. त्यामुळे अॅक्सल आधी ठरवायचा, केबिनचे सौंदर्य मागाहून.

अॅक्सल कसा ठरतो ते आकड्यांनीच दाखवतो. सोयीसाठी गोल आकडे घेऊ: चार चाकी ओढीचा ट्रक, भरल्यावर 10 टन, व्हीलबेस 4 मीटर, गुरुत्वमध्य 1.2 मीटर उंच, सपाटीवर पुढे 40 आणि मागे 60 टक्के वजन. चढ 30 अंशांचा. वजनाचा उताराच्या दिशेचा हिस्सा निम्मा, म्हणजे सुमारे 49 किलोन्यूटन. मातीचा अडथळा 3 टक्के धरला की अडीच किलोन्यूटन आणखी. एकूण साडेएक्कावन्न. टायरची त्रिज्या 0.58 मीटर, तेव्हा चाकांवर 29.9 किलोन्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, हवा. इंजिनाचा टॉर्क 700 न्यूटन-मीटर, पहिला गिअर 6.7, ट्रान्सफर केसचा, म्हणजे पुढच्या-मागच्या अॅक्सलला ओढ वाटणाऱ्या पेटीचा, लो गिअर 1.6, अॅक्सल 5.3, आणि वाटेतली गळती वजा जाता 85 टक्के, असे गुणले तर 33.8 मिळतात. कागदावर पास.

आता हाच ट्रक 18,000 फुटांवर न्या. हवेचा दाब तिथे निम्म्यावर येतो. टर्बो असूनही खालच्या आरपीएमला टॉर्क एक चतुर्थांश गेला असे धरा. 33.8 चे 25.3 होतात आणि ट्रक चढावर उभा राहतो. ड्रायव्हर क्लच घसरवतो, लायनिंग जळते, आणि अहवालात 'क्लच कमकुवत' अशी नोंद होते. क्लच बिचारा ठीकच असतो. दुरुस्ती ट्रान्सफर केसमध्ये आहे: लो 1.6 ऐवजी 2.0 केला की तेच 25.3 वाढून 31.7 होतात. क्यूआरमध्ये चढ एका ओळीत लिहिलेला असतो, उंची दुसऱ्या आणि भार तिसऱ्या. चाचणी घेणारा अधिकारी तिन्ही एकत्र मागेल असे धरूनच हिशेब करावा. फौजेला ट्रक लागतो तो नेमका तिथेच.

याच चढावर दुसरी गोष्ट घडते. 30 अंशांवर जमिनीला लंब असे वजन 8.66 टन उरते, आणि गुरुत्वमध्य उंच असल्यामुळे दीड टन पुढून मागे सरकते. पुढच्या अॅक्सलवर जेमतेम 2 टन, मागे 6.7. मधला डिफरन्शियल, म्हणजे दोन अॅक्सलांत टॉर्क वाटणारा गिअर, लॉक असतो, म्हणून ज्या अॅक्सलची पकड जास्त तो टॉर्क खेचतो. निम्मा-निम्मा टॉर्क धरून काढलेल्या मागच्या हाफ शाफ्टवर प्रत्यक्षात 77 टक्के येतो. तो बहुधा पहिल्या चढाला तुटत नाही. पंचविसाव्या-तिसाव्याला तुटतो, तेही स्प्लाइन, म्हणजे शाफ्टच्या टोकावरचे दाते, जिथे संपतात तिथे. तुटलेला तुकडा हातात घेतला की पिळल्याच्या खुणा दिसतात, आणि दोन्ही टोकांच्या स्प्लाइनची रांग एकमेकींपासून सरकलेली असते. चढाच्या चाचणीआधी शाफ्टवर खडूने सरळ रेघ मारून ठेवावी. चाचणीनंतर रेघ तिरकी दिसली तर शाफ्ट कायमचा पिळला गेला आहे असे समजून, तुटायची वाट न बघता, तो बदलावा.

हँडब्रेकचा हिशेब तर याहूनही कमी लोक करतात. ट्रक उतारावर भरल्या वजनाने उभा राहिला पाहिजे, तोंड वर करून आणि तोंड खाली करूनही. व्यापारी ट्रकात स्प्रिंग ब्रेक, म्हणजे हवा सोडली की स्प्रिंगच्या जोराने लागणारा हँडब्रेक, मागच्या चाकांवर असतो. तोंड वर असले की मागे 6.7 टन आहेत, पकडीचा गुणक 0.75 लागतो, कोरड्या काँक्रीटवर कसेबसे जमते. तोंड खाली केले की तोच दीड टन पुढे जातो, मागच्या चाकांवर 3.7 टन उरतात आणि गुणक 1.35 लागतो. इतकी पकड कोणत्याच टायरला नसते. ब्रेक पक्का धरलेला असतो, चाक फिरत नाही, आणि तरीही ट्रक चाकांसकट खाली घसरत जातो. ब्रेक कितीही मोठा बसवा, उपयोग नाही. उपाय दोनच: पुढच्या चाकांनाही स्प्रिंग ब्रेक द्यायचा, किंवा पुढची ओढ जोडलेली आणि मधला डिफरन्शियल लॉक ठेवायचा, म्हणजे मागचा ब्रेक, ट्रान्सफर केस आणि अॅक्सल जोडणाऱ्या प्रोपेलर शाफ्टमधून, पुढची चाकेही धरतो. दुसरा उपाय स्वस्त आहे, पण तो ड्रायव्हरच्या लक्षात राहण्यावर अवलंबून आहे. अशा ट्रकाला आम्ही पहिलाच उपाय सुचवतो. रात्री थकलेल्या माणसाच्या आठवणीवर 10 टन टांगू नयेत.

प्रोपेलर शाफ्टला सगळे साधी नळी समजतात. एफएमटीव्हीच्या ट्रकांवर 1998 मध्ये अमेरिकी लष्कराला वेग ताशी 30 मैलांवर, म्हणजे 48 किलोमीटरवर, बांधून घालावा लागला तो याच भागातल्या बिघाडांमुळे. फौजी ट्रकाचे पोट उंच ठेवायचे म्हणजे ट्रान्सफर केस वर जाते, अॅक्सल खालीच राहतो आणि मधला शाफ्ट तिरका होतो. साधा क्रॉस-जॉइंट तिरका चालला की एका फेऱ्यात दोनदा वेग घेतो आणि दोनदा सोडतो. सात अंशाला हा फरक पाऊण टक्का, दहा अंशाला दीड टक्का. कोन तीन अंशच वाढला, फरक मात्र दुप्पट झाला. शाफ्ट 2,000 आरपीएमने फिरत असेल तर सेकंदाला सुमारे 67 धक्के. दोन्ही टोकांचे कोन सारखे असले आणि दोन्ही योक, म्हणजे जॉइंट धरणारे दुबेळके, एका रेषेत असले की दोन्ही टोकांचे धक्के एकमेकांना खोडून काढतात. म्हणूनच शाफ्टच्या नळीवर आणि सरकत्या योकवर बाणाची खूण कोरलेली असते. ग्रीस आणि चिखलाच्या थराखाली ती दिसत नाही. शाफ्ट उतरवून परत बसवताना मेकॅनिक स्प्लाइनचा एक दात चुकला की 55-60 च्या वेगाला केबिनच्या तळातून घूं असा आवाज येतो आणि आरसा थरथरतो. लोक टायर बॅलन्स करायला धावतात. आधी ट्रकाखाली जाऊन चिंधीने ते दोन बाण पुसून बघावेत. खोलण्याआधी पिवळ्या रंगाचा ठिपका दोन्हीकडे लावायची सवय सगळ्या टोळीला लावली की हे दुखणे उरत नाही.

कोन मोजायचे ते भरल्या वजनावर आणि रिकाम्यावरही. कमानपट्टे दबले की अॅक्सलची नाकाडी फिरते. रिकाम्या ट्रकावर जुळवलेले कोन भार घातल्यावर जुळत नाहीत.

आता रस्त्याचा मार. पीथमपूरचा नॅट्रॅक्स, म्हणजे वाहनांच्या चाचणीचा तळ, लोकांना माहीत आहे तो 11.3 किलोमीटरच्या अंडाकृती वेगवान ट्रॅकमुळे, ज्याचे उद्घाटन 29 जून 2021 ला झाले. फौजी ट्रकाला त्याचा उपयोग मर्यादित: एका वेगाने सलग पळवून इंजिन, गिअरबॉक्स आणि अॅक्सलच्या तेलाचे तापमान कुठे स्थिरावते ते बघायला. खरे काम दगडी फरशीच्या, खड्ड्यांच्या आणि कच्च्या ट्रॅकवर होते. चेसिसचा मुख्य लोखंडी पट्टा इथे सहसा तुटत नाही. तुटतात ते त्याच्यावर लटकवलेले कंस: बॅटरीची पेटी, डिझेल टाकीचे पट्टे, हवेच्या टाक्या, स्टेपनीचा पाळणा, सायलेन्सरचा आधार, आरशाचे हात. चेसिसच्या बाजूला वजन लोंबकळते आणि त्याची झुलण्याची गती रस्त्याच्या धक्क्यांशी जमली की वेल्डिंगच्या टोकाला केसाएवढी चीर पडते. जाड पत्रा लावला तर पेटी आणखी जड होते आणि चीर शेजारी सरकते. वजन चेसिसच्या जवळ घेणे, वेल्ड कडेपर्यंत न नेणे आणि कोपऱ्यात गोलाई देणे एवढ्याने बहुतेक कंस वाचतात. चीर शोधायला ट्रक आधी स्वच्छ धुवावा, वाळू द्यावा, मग थोडा चालवून परत बघावा. वाळलेल्या धुळीत गंजाची बारीक तांबडी रेघ उठते, तीच चीर.

हौदा चेसिसला सगळीकडून यू-बोल्टने घट्ट आवळला तर उंचसखल जमिनीवर चेसिसला पिळायला जागा राहत नाही, आणि केबिनमागच्या पहिल्याच बोल्टाशी पट्टा फुटतो. पुढचे दोन आधार स्प्रिंगवर ठेवून मागचे पक्के करावेत.

भाराबद्दल एक गोष्ट, जिच्यावरून फार वाद होतात. लोखंडी प्लेटा घातल्या की 5 टन भार हौद्याच्या तळाशी चार बोटांत मावतो, गुरुत्वमध्य खाली राहतो आणि ट्रक वळणावर छान वागतो. तोच ट्रक जवान किंवा शिध्याची पोती भरून गेला की डुलतो. म्हणून उंची जुळेल अशा लाकडी चौकटीवर भार रचावा. वाळूच्या गोण्या स्वस्त आणि सोयीच्या, पण माळव्यातल्या पावसाची एक सर आली की त्या पाणी पितात. गोण्या प्लास्टिकमध्ये बांधाव्यात आणि रोज सकाळी ट्रक धर्मकाट्यावर नेऊन दोन्ही अॅक्सल वेगवेगळे तोलून वहीत लिहावेत. ती वही नसेल तर महिनाभराच्या चाचणीला अर्थ नाही.

चिखलासाठी आपली काळी माती पुरेशी आहे. तिच्यातून निघालेला टायर गुळगुळीत रोलरसारखा दिसतो, खाचा बुजलेल्या असतात. दाब कमी करून आणि थोडा वेग देऊन खाचा स्वतःहून माती फेकतात का, ते बघायचे. मडगार्ड आणि टायर यांत हाताची वीत तरी मोकळी हवी, नाहीतर माती तिथेच अडकून चाक धरते.

पाण्यातली चाचणी लोक थंड ट्रकावर करतात. तिचा काही उपयोग नाही. आधी ट्रक तासभर भारासह पळवून अॅक्सलचे तेल 90 अंशांवर आणा, आणि मग 750 मिलिमीटर पाण्यात घाला. आतली हवा 90 वरून 30 अंशांवर येताना तिचा दाब सहाव्या हिश्श्याने घटतो. अॅक्सलचा श्वास, म्हणजे ब्रीदर, पाण्याखाली असेल तर तो श्वासाबरोबर पाणीच ओढतो. ब्रीदरला नळी लावून ती केबिनच्या मागे वरपर्यंत नेली की प्रश्न मिटतो. बाहेर आल्यावर अर्धा तास थांबून ड्रेन प्लग किंचित सैल करा. पाणी जड, ते आधी येते. तेल चहासारखे दुधाळ दिसले तर ते बदला आणि कारण शोधा. रेडिएटरचा पंखा पाण्यात उतरण्याआधी बंद झाला पाहिजे. पाणी लागले की पाती पुढे वाकून जाळी फाडतात.

ट्रकाच्या विजेचा रेडिओला त्रास होतो का हे बघणाऱ्या विद्युत-चुंबकीय चाचणीत ट्रक अडकतो तो बहुधा अल्टरनेटर, वायपरची मोटर आणि अर्थिंगच्या पट्ट्या यांपायी. पट्टी रंगावर आवळलेली असते. रंग खरवडून धातूला धातू लावा, वरून ग्रीस द्या. या चाचणीच्या बंद चेंबरची तारीख महाग असते, हे काम आपल्या शेडमध्येच उरकावे.

देखभालीच्या चाचणीत घड्याळ लावून भाग बदलायला सांगतात, तेही ट्रकासोबतच्याच हत्यारांनी. 14.00 आर 20 चे चाक रिमसकट दीडशे किलोच्या आसपास भरते. स्टेपनी उतरवायला छोटी विंच नसेल तर दोन माणसे जायबंदी होतील. डिझेल फिल्टर बदलायला एअर टाकी काढावी लागत असेल तर ती मांडणीचीच चूक समजावी, आणि ती नमुना बनत असतानाच सुधारावी.

मग उंचीवरची तयारी. रेडिएटरचे झाकण 1 बारचे असले तरी तो दाब बाहेरच्या हवेपेक्षा जास्त असा मोजला जातो. समुद्रसपाटीला आत एकूण 2 बार आणि पाणी 120 अंशांना उकळते. 18,000 फुटांवर एकूण दीडच बार, पाणी 111-112 ला उकळते. थंडी असूनही लांब चढावर ट्रक उकळतो तो यामुळे. हवेच्या ब्रेकचा कॉम्प्रेसर दर फेऱ्याला निम्मीच हवा ओढतो, आणि विरळ हवा त्याच दाबापर्यंत नेताना त्याची कार्यक्षमताही घसरते, म्हणून टाक्या भरायला खालच्यापेक्षा दुपटीहून जास्त वेळ लागतो. घाटात वारंवार ब्रेक मारणाऱ्या ट्रकाला मोठा कॉम्प्रेसर हवाच. बीएस-6 इंजिन असेल तर धूर स्वच्छ करायला लागणारे युरियाचे द्रावण उणे 11 ला गोठते, तिथे टाकीला आणि नळ्यांना उष्णता लागते. साधे डिझेल थंडीत मेणासारखे घट्ट होऊन फिल्टर बंद करते. लडाखसाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर 2019 मध्ये आणलेले हिवाळी डिझेल उणे 33 पर्यंत वाहते, पण ट्रक इथून निघतो तो माळव्यातल्या डिझेलवर. टाकी रिकामी करून भरली तरी फिल्टर आणि परतीच्या नळीत जुने डिझेल राहते, आणि पहिल्या सकाळी फिल्टर बंद पाडायला तेवढेच पुरते. हिवाळी डिझेल भरून इंजिन किमान अर्धा तास चालवावे, फिल्टर नवा घालावा, मगच रात्रीसाठी उभा करावा. बॅटरीची ताकद उणे 20 ला जवळपास निम्मी होते, तेव्हा ती केबिनखाली वाऱ्याच्या आडोशाला असावी.

संध्याकाळी हवेच्या सगळ्या टाक्यांचे ड्रेन ओढून पाणी काढायचे, एकही सोडायची नाही. ओढा ओलांडून आलेला ट्रक हँडब्रेकवर उभा करायचा नाही. ओली लायनिंग रात्रीत ड्रमला गोठून चिकटते, सकाळी ड्रायव्हर जोर लावतो आणि लायनिंग ब्रेकच्या बुटावरून (शूवरून) सुटते. मुक्कामाआधी शेवटचे दोन किलोमीटर हलका ब्रेक धरून चालवावे, म्हणजे ड्रम वाळतात. मग सपाट जागा बघून गिअर टाकायचा आणि चाकांना उट्या, म्हणजे लाकडी पाचरी, लावायच्या. सागाच्या चार उट्या दर ट्रकाला, प्रत्येकीला दोन हात दोरी, कारण बर्फात रुतलेली उटी हाताने निघत नाही. ट्रेलरवर चढवण्याच्या यादीत त्या सुट्या भागांच्या पेटीत न टाकता केबिनमध्ये, ड्रायव्हरच्या सीटमागे ठेवाव्यात.